वणव्याच्या मुलखात : स्ट्रॅथेवन ते मॅरिसव्हिल

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्याकडे आधी क्रिकेट आठवते, मग कांगारू. अलीकडे आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे तिकडे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेलेली आपली मुले. मेलबर्न शहरात आज हजारो मराठी माणसे राहतात. आमचा मुलगा आणि सून त्यांतलीच. त्यांच्याकडे आम्ही उभयता तीन महिने राहून आलो. समुद्रकिनारा, संग्रहालये, ट्राम, बाजार असे पुष्कळ पाहिले. त्या सर्वांचे वर्णन वाचकांनी अन्यत्र वाचलेले असेल. आम्हांला सांगायचे आहे ते एका डोंगरवाटेविषयी. प्रत्येक कुटुंबाने ऐकावे असे काही त्या वाटेवर आम्हांला कळले.

ही वाट मेलबर्नच्या ईशान्येला जाते. स्ट्रॅथेवन, किंगलेक, हील्सव्हिल आणि मॅरिसव्हिल ही तिच्यावरची गावे. थेट रस्त्याने मॅरिसव्हिल शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण वळसा घेत गेले की सगळी गावे पाहता येतात. शनिवार, ७ फेब्रुवारी २००९ रोजी या भागात वणवे पेटले. त्या दिवसाच्या वणव्यांनी व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसांचे बळी घेतले आणि दोन हजारांहून अधिक घरांची राख केली. तिथले लोक त्या दिवसाला ब्लॅक सॅटर्डे, म्हणजे काळा शनिवार म्हणतात.

रस्त्याकडेची पाटी

आम्ही नोव्हेंबरात निघालो. तिकडे ऋतू उलटे, त्यामुळे तो वसंताचा शेवट. सखल भागातले गवत हिरवे होते, टेकड्यांवरचे पिवळे पडू लागले होते. शहर संपताच रस्त्याच्या कडेला अर्ध्या चाकासारखी एक मोठी रंगीत पाटी दिसली. तिच्यावर काटा होता. आज आग लागली तर ती किती भयंकर होईल, हे तो काटा सांगतो.

या काट्यामागे फार मोठे संशोधन आहे. ॲलन मॅकआर्थर नावाच्या शास्त्रज्ञांनी जंगलात मुद्दाम लहान लहान आगी लावून त्यांचा वेग मोजला. उष्णता, वारा, हवेतला ओलावा आणि रानाचा कोरडेपणा यांचा मेळ घालून त्यांनी १९६० च्या दशकात धोका मोजण्याचे साधन तयार केले. १३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरियात जी भीषण परिस्थिती होती, तिला शंभर गुण धरले. त्या वर्षीच्या वणव्यांत ७१ माणसे गेली होती. यापेक्षा वाईट दिवस कसला येणार, असा तो हिशेब. परंतु २००९ च्या त्या शनिवारी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला आणि अनेक ठिकाणी हा आकडा शंभराच्या पुष्कळ पुढे गेला. मोजपट्टीच अपुरी पडली. सप्टेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाभर नवी पद्धत आली आहे. तिच्यात मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीचा अर्थ सरळ आहे. त्या दिवशी रानालगतच्या घरात थांबायचे नाही. आदल्या रात्री किंवा पहाटेच निघायचे.

वणवा आपल्याला नवा नाही. मेळघाटात, गडचिरोलीकडे उन्हाळा लागला की रान पेटते आणि वनखाते जाळरेषा काढते. पण आपल्याकडची आग बहुधा जमिनीलगत, पालापाचोळा जाळत जाते. इथले रान निलगिरीचे आहे. सर्दी झाली की आपण ज्या झाडाचे तेल रुमालावर टाकतो, तेच झाड, त्याच्या शेकडो जाती. पानांत तेल, बुंध्यावर सुटत आलेली साल, खाली वर्षानुवर्षांचा पाचोळा. कडक उन्हात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात आग शेंड्यांवर चढते. पेटलेल्या सालीचे तुकडे वाऱ्यावर उडतात आणि पुढे जाऊन नव्या आगी लावतात. त्या शनिवारी असे निखारे ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर जाऊन पडले, असे संशोधकांनी नोंदवले आहे.

शाळेतली मुले

डोंगराच्या पायथ्याशी स्ट्रॅथेवन ही छोटीशी वस्ती आहे. या एवढ्याशा वस्तीतली २७ माणसे त्या दिवशी गेली. प्राथमिक शाळाही जळाली. आज तिथे नवी शाळा आहे. तिच्या एका उपक्रमाची माहिती मिळाली आणि आम्हांला फार समाधान वाटले.

२०१६ पासून या शाळेने अग्निशमन दलाच्या स्थानिक स्वयंसेवकांना सोबत घेऊन वणव्याचे शिक्षण सुरू केले. वरच्या वर्गांतली मुले हवामानाचे आकडे वाचायला शिकतात, गवत किती वाळले ते पाहतात, वारा फिरला तर आग कुठे वळेल याचा अंदाज बांधतात. मातीच्या बाहुल्या करून त्यांनी वणव्यावर चित्रपटही बनवले. मुले घाबरतील म्हणून मोठी माणसे हा विषय टाळत होती. संशोधकांना दिसले ते उलटेच. न बोलल्याने भीती वाढते. नीट समजावून सांगितले की मुले धीट होतात आणि घरी जाऊन आईवडिलांना प्रश्न विचारू लागतात. शिक्षणाचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. एक शिकलेले मूल सबंध घराला शिकवते, हे आपण आपल्या घराघरांत पाहिले आहे.

घर कशाने जळते?

स्ट्रॅथेवनहून रस्ता वळणे घेत डोंगरमाथ्यावरच्या किंगलेकला चढतो. चढ चढताना आपली गती मंदावते, आगीची मात्र वाढते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्वाळा पुढच्या झाडांना आधीच भाजून ठेवतात. म्हणून माथ्यावरची घरे दिसायला सुंदर असली तरी सर्वांत धोक्याची.

किंगलेकवर आलेली आग दूर किलमोर ईस्ट येथे सुरू झाली होती. वीजवाहिनीची जुनी तार तुटून ठिणगी पडली. या एका वणव्यात ११९ माणसे गेली. पुढे होरपळलेल्या लोकांनी एकत्र येऊन सामूहिक दावा लावला आणि २०१४ साली ४९.४ कोटी डॉलरची भरपाई ठरली. एकेकट्याने दाद मागितली असती तर एवढे पदरात पडले नसते.

एवढी मोठी आग अंगावर आली की घर ज्वाळांनीच पेटत असेल, असे आम्हांला वाटत होते. तिथल्या संशोधकांनी जळालेली आणि वाचलेली घरे एकेक करून तपासली आहेत. बहुतेक घरे पेटतात ती निखाऱ्यांनी. छपराच्या पन्हळीत साचलेली वाळकी पाने, दाराशी पडलेले पायपुसणे, भिंतीला टेकून रचलेले सरपण, कौलांखालची फट, फुटलेली खिडकी. एवढे निमित्त पुरते. आगीची मुख्य लाट काही मिनिटांत निघून जाते. निखाऱ्यांचा मारा तिच्या आधी सुरू होतो आणि नंतर कित्येक तास चालतो. माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि मागे माळ्यावर ठिणगी धुमसत असते.

थांबावे की निघावे?

१९८३ च्या फेब्रुवारीत ॲश वेन्सडे नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्यांत ७५ माणसे गेली. त्यानंतर माउंट मॅसेडॉन या गावातल्या शेकडो घरांची पाहणी झाली. धडधाकट माणसे घरात थांबली आणि त्यांनी ठिणग्या विझवल्या, तिथली घरे जास्त वाचली, असे दिसले. आगीच्या ऐन तोंडावर गाडी काढून पळणारेच रस्त्यात सापडतात, हेही जुन्या नोंदींवरून कळत होते. यावरून धोरण ठरले. तयारी करा, मग थांबून घर राखा, नाहीतर लवकर निघून जा. धोरण चुकीचे नव्हते. पण ते ज्यांच्यासाठी होते ती माणसे तरणीताठी, माहितगार आणि पाण्यापंपाची सोय असलेली होती. प्रत्येक घरात अशी माणसे कुठून असणार?

२००९ नंतर निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसले. त्याने प्रत्येक मृत्यूची चौकशी केली आणि २०१० च्या जुलैमध्ये ६७ शिफारशींसह अहवाल दिला. संशोधकांनीही घरोघर जाऊन शेकडो लोकांच्या मुलाखती घेतल्या. मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत होते. ४४ टक्के मृत हे बारा वर्षांखालची मुले, सत्तरीपुढची म्हातारी माणसे, आजारी किंवा अपंग यांपैकी होते. निम्म्याहून अधिकांची ना थांबण्याची तयारी होती, ना निघण्याची. काही जण न्हाणीघरात लपले. तिथे पाणी असते म्हणून ते सुरक्षित वाटले, पण तिथून बाहेर पडायला दुसरे दार नव्हते.

या सर्वांतून एक शब्दप्रयोग पुढे आला, ‘थांबा आणि पाहा’. पुष्कळ घरांनी थांबायचे की निघायचे हे ठरवलेच नव्हते. धूर दिसू दे, फोन येऊ दे, शेजारी निघू दे, मग पाहू. इतक्यात वीज जाते, पंप बंद पडतो, फोन लागत नाही, दुपारी काळोख होतो. मग ठरवायला वेळ उरत नाही.

कुटुंबाच्या पानावर आणखी एक निष्कर्ष सांगितलाच पाहिजे. कॅथरिन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० ते २००८ या काळात वणव्यांत गेलेल्या ५५२ नागरिकांच्या नोंदी तपासल्या. पुरुष बहुतेक करून बाहेर, घरदार आणि जनावरे राखताना गेले. बायका आणि मुले घरात आसरा घेताना किंवा उशिरा पळताना गेली. इतर अभ्यासांतही हेच दिसले. बायकांचा कल लवकर निघण्याकडे, पुरुषांचा घर राखण्याकडे. आणि दोघांनी त्याविषयी कधी मोकळेपणाने बोललेलेच नसते. पंप कसा सुरू करायचा हे घरात एकालाच माहीत, आणि नेमका तो कामावर. म्हणून तिथे बायकांसाठी खास शिबिरे घेतली गेली, पंप आणि नळी हाताळायला शिकवले गेले. घरात जिचे मत विचारले जात नाही, तिच्याच वाट्याला धोका अधिक येतो. हे केवळ ऑस्ट्रेलियाचे दुखणे नाही.

कोरँडर्कची जमीन

किंगलेकहून खाली उतरले की हील्सव्हिल लागते. त्याच्याजवळ कोरँडर्क नावाची जागा आहे. १८६३ साली आदिवासी कुटुंबांनी तिथे वसाहत उभारली, जमीन कसली. ती जमीन बळकावण्याचा डाव होताच. वुरुंडजेरी जमातीचे पुढारी विल्यम बराक आणि त्यांच्या लोकांनी अर्ज लिहिले, पायी चालत मेलबर्नला जाऊन मंत्र्यांकडे दाद मागितली. १८८१ साली सरकारला चौकशी बसवावी लागली. तरीही पुढच्या कायद्याने तरण्या माणसांना कुटुंबांपासून तोडले आणि १९२४ साली वसाहत बंद झाली.

वणव्याशी याचा संबंध आहे. हे मूळ रहिवासी हजारो वर्षे योग्य ऋतूत, योग्य जागी, थंड आणि मंद आग लावून रान राखत होते. कुठल्या गवताला केव्हा जाळायचे, कुठल्या झाडाला आच लागू द्यायची नाही, ही त्यांची विद्या होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमीन घेतली, माणसे हुसकली आणि ती विद्याही रानटी ठरवली. अलीकडे व्हिक्टोरियात मूळ रहिवाशांनी स्वतः या अग्निविद्येचे धोरण मांडले आहे आणि काही ठिकाणी त्यांच्या हातून पुन्हा अशी आग लावली जाते. तिने सगळे वणवे थांबतील असे नाही. इथल्या उंच, ओलसर रानांना ही पद्धत लागू पडत नाही, हेही अभ्यासक सांगतात. पण ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्याकडे ज्ञान होते, हे आता मान्य करावे लागत आहे.

मॅरिसव्हिल

हील्सव्हिलनंतर ब्लॅक स्पर हा घाट. दोन्ही बाजूंना माउंटन ॲश जातीच्या निलगिरी, सरळ आभाळात गेलेल्या. फुले येणाऱ्या झाडांत जगात सर्वांत उंच हीच. खाली नेच्यांची दाटी आणि ओलसर गारवा. हे रान जळेल असे कुणाला वाटणार नाही. पण हे झाड मोठ्या आगीत मरते आणि त्याचे बी त्याच राखेत रुजते. घाटातली पुष्कळ झाडे १९३९ च्या वणव्यानंतर उगवलेली आहेत.

घाट संपल्यावर मॅरिसव्हिल. २००९ पूर्वी जेमतेम पाचशे वस्तीचे, पर्यटकांचे आवडते गाव. त्या संध्याकाळी वारा अचानक फिरला. वणव्याची लांबलचक बाजू एकाएकी त्याचे तोंड झाली आणि गावावर आली. बहुतेक सगळे गाव गेले. या वणव्याने ४० बळी घेतले, त्यांतले बहुतेक याच गावात. जी माणसे गॅलिपोली पार्कच्या खेळाच्या मैदानावर धावली, ती वाचली. जळायला काही नसलेली मोकळी हिरवी जागा, एवढाच त्यांचा आसरा.

आज घरे नवी आहेत. २००९ नंतर बांधकामाचे नियम कडक झाले. घर रानापासून किती दूर, उतार किती, झळ किती लागेल हे पाहून घराचा दर्जा ठरतो आणि त्याप्रमाणे काच, जाळी, भिंत वापरावी लागते. राज्यभर गावोगावी शेवटचा आसरा म्हणून मैदाने आणि सभागृहे ठरवून दिली आहेत. तिथे हमी काही नाही, हेही प्रशासन स्पष्ट सांगते. तो दुसरा मार्ग न उरलेल्यांसाठीच.

त्या मैदानाच्या कडेला बसून डबा खाताना आम्ही मुलाला विचारले, “तुमच्या घराचे काय ठरले आहे?”

तो हसून म्हणाला, “अहो बाबा, आमचे घर कुठे जंगलात आहे? वेळ आली तर बघू.”

सूनबाई मात्र गंभीर झाली. “घराच्या मागे मैलभर गवतच आहे की. मी दोनदा विषय काढला होता,” ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. मेलबर्नच्या पश्चिमेला आणि उत्तरेला नव्या वसाहती गवताळ माळाला लागून उभ्या राहिल्या आहेत. आपली पुष्कळ कुटुंबे तिथेच घर घेतात, कारण ते परवडते. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मिकलहॅम येथे लागलेली गवताची आग क्रेगीबर्नच्या वस्तीच्या कडेपर्यंत आली होती. गवताची आग रानातल्या आगीपेक्षाही वेगाने पळते. नव्याने आलेल्या माणसाला ना तो वारा ओळखता येतो, ना धुराची दिशा. शेजाऱ्यांशी ओळख नसते. घरात आलेले म्हातारे आईवडील, म्हणजे आमच्यासारखे, गाडी चालवत नाहीत, इंग्रजी इशारा त्यांना चटकन कळत नाही. दिवसा घरात नातवंडासोबत तेच असतात.

त्या रात्री जेवणानंतर चौघे बसलो. नातूही जागाच होता. कुठल्या पाटीला निघायचे, कुणाच्या घरी जायचे, कागदपत्रे आणि औषधांची पिशवी कुठे ठेवायची, मुलगा कामावर असेल तर गाडी कोण आणील, हे सगळे कागदावर उतरले. सूनबाईने बाजूच्या दोन घरांचे फोन घेतले. इशारा देणारी सरकारी सेवा आमच्याही फोनवर बसवून दिली. अर्ध्या तासाचे काम होते.

व्हिक्टोरियात १९९३ पासून कम्युनिटी फायरगार्ड नावाने अशाच बैठका भरतात. गल्लीतली आठदहा घरे एकत्र येतात, अग्निशमन दलाचा माणूस मार्गदर्शन करतो. कुणाकडे पंप आहे, कुणाकडे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कुणाला आधी फोन करायचा हे ठरते. संघटनेची ताकद आपल्या वाचकांना ठाऊक आहे. आपल्या विहारांत आणि महिला मंडळांत जी माणसे नेमाने जमतात, त्यांना अशी बैठक घेणे अवघड नाही. मेलबर्नमधल्या आपल्या मंडळींनीही ती घ्यावी.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात तिकडे पुन्हा प्रचंड वणवे लागले. ३३ माणसे गेली, तीन हजारांहून अधिक घरे जळाली. वर्षाच्या अखेरच्या दिवशी मल्लाकूटा गावात हजारो लोक समुद्रकिनाऱ्यावर अडकले आणि त्यांना बोटींनी सोडवावे लागले. हवामान तापत चालले आहे, असे दिवस वाढणार आहेत, हे शास्त्रज्ञ सांगतात.

वाचकहो, ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी येत्या रविवारी फोनवर खुशाली विचारताना चार प्रश्न जरूर विचारावेत. घराजवळ रान किंवा गवताळ माळ आहे का? कोणत्या इशाऱ्याला निघायचे हे ठरले आहे का? घरातल्या सर्वांना, सुनेला, मुलांना, म्हाताऱ्यांना ते माहीत आहे का? शेजारचे कोण, ते ओळखीचे आहेत का? “वेळ आली की बघू” असे उत्तर आले तर फोन ठेवू नये.